ऋतुजाचा कोपरा

माझी चुलत बहीण ऋतुजा नीटला अख्ख्या क्लासात पहिली आली आणि तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स माझ्याच माथी आला. त्याच क्लासात मी दोनदा आपटले होते. आता लातुरात अम्मारभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्यांच्या पोरांचे फोटो कापत असते.

"हायरार्की सांभाळ. महत्त्वाचं ते मोठं. पहिली पोरगी मधोमध घे," असं सांगून अम्मारभाई नमाजाला गेले.

मधोमध? मी ऋतुजाचा फोटो बारीक केला आणि खाली कोपऱ्यात नेऊन टाकला. बाकीची पोरं, क्लासच्या सरांचा कोटातला फोटो, सोनेरी अक्षरं, फुलं, सगळं वर दाटीवाटीनं कोंबलं. तिच्या शेजारी काहीच ठेवलं न्हाई. बस म्हणलं एकटी! अम्मारभाई यायच्या आत फाइल छपाईला धाडली.

दुसऱ्या दिवशी औसा रोडला फ्लेक्स लागला. मी मुद्दाम बघायला गेले. वरच्या गर्दीत एक चेहरा धड दिसेना. नजर सारखी खाली कोपऱ्यात जायची. तिथं पांढऱ्याशुभ्र जागेत ऋतुजा एकटीच हसत होती.

सर खूश झाले. अम्मारभाई तर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात व्हाइट स्पेस!"

संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. "ताई, माझ्यासाठी एवढं कुणीच केलं न्हाई गं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मेली रडतानासुद्धा गोड वाटते.