काळी चोळी

"सिस्टर, आप हट जाओ," म्हातारी म्हणाली. "आपसे कुछ नहीं कहना. पर ये डाकण है. जापे के घर में काला पहनकर आई है."

तारामती हटली नाही. तिच्यामागे भिंतीला टेकून इंग्रिड उभी होती, काळ्या चंद्रकळेत, केसांत आणि गळ्यात हलव्याचे दागिने. आतल्या खोलीत म्हातारीची बाळंतीण सून हुंदके देत होती. फडक्यात गुंडाळलेलं तिचं मूल मात्र रडलंच नव्हतं. नाळेचा फास मानेला बसलेला. या दोघी पोहोचायच्या आधीच ते गेलं होतं. पण सांगून ऐकतो कोण?

इंग्रिड नॉर्वेची. तारामती नर्स होती त्या जयपूरच्या दवाखान्यात दोन वर्षं बिनपगारी सेवा करायला आलेली. त्रेसष्टच्या नाताळात तिने खेजडीच्या फांदीला कागदी तारे बांधले आणि आपल्या गावचं गाणं शिकवता शिकवता तारामतीला दमवलं. तारामतीने तेव्हाच ठरवलं, आता संक्रांत आपली. सातारा सुटून अकरा वर्षं झाली होती. घरात सून ना नात, आणि हलव्याचे दागिने करायला हात तर शिवशिवत होते.

"पहिली संक्रांत तुझी, पोरी. काळंच नेसायचं," म्हणत तिने इंग्रिडला नटवलं. स्वतःला ड्यूटी होती म्हणून पांढरी साडी, पण हौसेने आत खणाची काळी चोळी घातली. तेवढ्यात बाळंतपणाचा निरोप आला. तारामतीने सवयीने दवाखान्याचा पांढरा कोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली. इंग्रिड पेटी उचलून तशीच धावली. इथे बाळंतिणीच्या उंबऱ्यात काळं चालत नाही, हे अकरा वर्षांत तारामतीला पक्कं ठाऊक झालं होतं. सणाच्या भरात नेमकं तेच विसरली.

म्हातारीचा आवाज ऐकून गच्चीवरची माणसं पतंग सोडून खाली उतरली. म्हातारीच्या मुलाच्या हातात मांजाची लाकडी चरखी तशीच होती. तारामतीला बाजूला ढकलून त्याने ती इंग्रिडच्या कपाळावर हाणली. हलवा फटकन फुटला.

तारामतीचा हात कोटाच्या बटणाशी गेला. आणि थांबला. कोट अंगावर होता तोवर तिला कुणी मारणार नव्हतं.

दुसरा फटका बांबूचा. इंग्रिड गुडघ्यांवर कोसळली. कुणीतरी तिचे केस धरून तिला उंबऱ्याकडे फरफटत नेलं.

तेव्हा बटणं तुटली. "मैंने पहनाया उसको," तारामती म्हणाली. "देखो, मैं भी काला पहनी हूँ."

क्षणभर सगळे चोळीकडे बघत राहिले. मग बांबू तिच्याकडे वळला.

शेजारच्या टांगेवाल्याने मध्ये पडून दोघींना बाहेर काढलं, तोवर तारामतीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंग्रिडला नऊ टाके घातले. डावा हात झोळीत अडकवून तारामती चिमट्याने तिच्या केसांतला हलवा वेचत बसली. इंग्रिडचा एक डोळा सुजून मिटला होता.

"आपने कोट क्यों खोला?" तिने हळूच विचारलं. "आपको तो कोई नहीं मारता."

बटणाशी थांबलेला हात तिने पाहिला नव्हता. तारामती रक्ताळलेले काटेरी दाणे एकेक करून तबकात टाकत राहिली.

इंग्रिडने तळवा पुढे केला. सकाळीच तिला शिकवलं होतं, तिळगूळ घेताना हात असा धरायचा.

तारामती तबकात त्यातल्या त्यात पांढरा दाणा शोधू लागली.