नवी खुर्ची

शिपायांनी चाकांची नवी खुर्ची बापूंच्या टेबलामागे ठेवली, तेव्हा नानांनी वहीतून मान वर काढली नाही. आतून मात्र त्यांचा तिळपापड झाला.

वीस वर्षं दोघे परराष्ट्र खात्याच्या याच खोलीत होते. नानांकडे मित्रदेशाचा फोन, बापूंकडे शत्रुदेशाचा. दर मंगळवारी दहाला पलीकडून घंटा वाजायची. पाचव्या घंटेच्या आत उचलायचं, "लाइन चालू आहे" म्हणायचं, वहीत सही करायची. पण नानांच्या फोनवरची बाई घरच्यांची चौकशी करायची, साहेबलोक त्यांच्याच टेबलाशी फोटो काढायचे. बापूंना कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं.

मग नेत्यांनी एका सभेत मित्रदेशाला फुकटे म्हटलं. टाळ्या पडल्या. पुढच्या सभेत शत्रूला भाऊ म्हटलं. जास्त टाळ्या पडल्या. नानांना लेखी हुकूम आला, फोन उचलायचा नाही. आणि बापूंना खुर्ची!

मंगळवारी बापू नवा शर्ट घालून आले.

"नाना, साहेबांनी फोटोला बोलावलंय रे. माझा दहाचा फोन तेवढा घेशील? आणि ऐक ना, सीमा उघडली, रविवारी ताई येतेय. वीस वर्षांनी!"

"जा की. तुझेच दिवस आहेत."

दहाला दोन्ही फोन एकदमच खणाणले. स्वतःचा उचलायला बंदी होती, बापूंचा उचलायला नव्हती. नानांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पाच घंटा झाल्या. बापूला एक शेरा बसावा, तोरा उतरावा, एवढंच त्यांना हवं होतं.

संध्याकाळी पलीकडचे नेते सभेत गरजले, आमचा अपमान झाला. इकडचे नेते क्षणभरही गडबडले नाहीत. "होय, मीच उचलू दिला नाही! आम्ही कुणाच्या घंटेवर धावत नाही!" मैदान दणाणलं. शनिवारी सीमा बंद झाली.

पुढच्या मंगळवारी दहा वाजले. एकही फोन वाजला नाही. बापू उठले आणि खुर्ची ढकलत नानांच्या टेबलापाशी घेऊन आले.

"घे. तुला हवी होती ना?"

"बापू, मी..."

"राहू दे. ताई सीमेच्या फाटकापर्यंत येऊन परत गेली म्हणे."

बापू आपल्या जुन्या लाकडी खुर्चीत जाऊन बसले आणि वहीत तारीख घालू लागले. ऑफिस सुटेपर्यंत नाना त्या खुर्चीशेजारी उभेच होते.