कॅन्टीनमधली वीस मिनिटं

भीमराजची मान डावीकडे वळेनाशी झाली आणि पंधरा दिवस ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात यायला घरात कुणी हवं ना. बायको, राधा, वाशीमजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. बारावीतली लेक तिच्याजवळ. राधाच्या बदलीचा अर्ज सात वर्षं कुठल्यातरी फायलीत पडून होता. घाटकोपरच्या खोलीत भीमराज एकटाच. संध्याकाळी भात लावायचा, पोळी-भाजी बाहेरून आणायची आणि फोन करायचा.

"जेवले का?"

"जेवलो."

"काय होतं?"

"भाजी."

मानेचं त्यानं सांगितलं नाही. ती तिकडून काय करणार होती?

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छपाई कंपनीत तो काम करायचा. औषधाच्या खोक्यात घडी घालून टाकतात ना, त्या कागदावरचा मजकूर छपाईआधी तपासायचा. मुंगीएवढी अक्षरं. कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, किती घ्यावं. एक शून्य इकडचं तिकडे झालं की वाट लागली. बावीस वर्षं सकाळी नऊपासून तो स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसत आला होता. डावीकडून शेजारच्या हर्षदनं हाक मारली की हल्ली तो खुर्चीसकट वळायचा.

"काय यार, रोबोट झालास काय?" हर्षद हसला आणि परत कामाला लागला.

ऑक्टोबरात ऑफिसच्या दीप्तीनं नोटीस लावली. दर बुधवारी चार वाजता, कॅन्टीनमध्ये, खुर्चीवर बसून करायचा योग. वीस मिनिटं.

शिकवायला मालनताई आल्या. साठी ओलांडलेल्या, मूळच्या कुडाळच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले मी," त्या म्हणाल्या. "वर बघितलं की भोवळ यायची. म्हणून हे शिकले. तुमच्या अंगाच्या घड्या घालणार नाही, घाबरू नका. खुर्चीसुद्धा सोडायची नाही."

पहिल्या बुधवारी अठरा जण होते. दुसऱ्या बुधवारी नऊ. मग कुणाचा कॉल आला, कुणाचा क्लायंट आला, आणि चौथ्या बुधवारी भीमराज एकटाच. त्यालाच कसंतरी झालं.

"ताई, आज राहू द्या हवं तर. मी एकटाच आहे."

"एकट्याक मान नाय काय? बस!"

तो खुर्चीच्या पुढच्या कडेला बसला, पावलं जमिनीवर सपाट टेकवून. श्वास घेत हनुवटी उजव्या खांद्याकडे, सोडत मध्ये. मग डावीकडे, दुखेल तिथवरच. मनगटं गोल फिरवायची. मालनताई मागून आल्या आणि दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवून म्हणाल्या, "खांदे कानाक लागले हत रे तुझे. खाली सोड."

खांदे खाली आले. आपण ते इतके वर धरले होते हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्याला शेवटचा हात कुणी लावला होता? मेट्रोच्या गेटवरचा शिपाई रोज अंग चाचपतो, पण ते काही धरायचं नाही. त्याआधी, मे महिन्यात, वाशीमच्या एसटी स्टँडवर लेक बिलगली होती. आता नोव्हेंबर चालू होता.

मालनताईंनी त्याचे डोळे पाहिले असावेत. "श्वास सोड. घाई नाय," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे पाच बुधवार तो एकटाच जात राहिला. बुधवारी तो इस्त्रीचा शर्ट घालू लागला. मान थोडी थोडी सुटली. एके दिवशी टेबलाशी बसल्या बसल्या त्याला डावीकडची खिडकी दिसली, आणि समोरच्या गाळ्याच्या गच्चीवर कुणीतरी लावलेली तुळस.

त्यानंतरच्या बुधवारी साडेतीनला दीप्ती त्याच्याकडे आली. "सर, एका माणसासाठी नाही ना चालवता येत. आजपासूनच बंद करायला सांगितलंय वरून. ताईंना फोन करतेय, उचलत नाहीयेत. आल्या तर तुम्ही सांगाल प्लीज?"

चार वाजता मालनताई आल्या. भीमराजनं सांगितलं नाही. मान, खांदे, मनगटं, पाठ, सगळं नेहमीसारखं झालं. त्या पर्स उचलायला लागल्या तेव्हा त्यानं सांगितलं.

"मगे आधी नाय सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "खाली चहा घेऊ या, ताई?" त्यानं विचारलं.

"चहा नको बाबा, पाचला चकाल्याला दुसरा वर्ग आहे. घरी कुणाला तरी शिकव. शिकवलंस की तुझंही चालू राहील."

त्या गेल्या. भीमराजनं दोन्ही खुर्च्या उचलून भिंतीशी लावल्या.

संध्याकाळी फोनवर तो पहिल्यांदा बोलला. "राधा, माझी मान वळत नव्हती."

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"आणि सांगितलं नाहीत? मी रोज विचारते तुम्हाला."

"तू 'जेवले का' एवढंच विचारतेस."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग राधा म्हणाली, "माझा खांदा उन्हाळ्यापासून दुखतोय. शाळेची माहिती त्या कॉम्प्युटरवर भरून भरून. हात वर जात नाही. वेणीसुद्धा लेकच घालून देते."

हे त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी दोघांनी व्हिडिओ कॉल लावला. राधानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. तिच्यामागे शाळेचे गठ्ठे दिसत होते, आणि तिचे कानाजवळचे केस केवढे तरी पांढरे झालेले. "पुढे सरकून बस," भीमराज म्हणाला. "डोळे मिट. श्वास घेत उजवीकडे." त्यानंही डोळे मिटले. "सोडत मध्ये. आता डावीकडे. दुखेल तिथवरच. खांदे खाली सोड, राधा. अजून. घाई नाही." तो सावकाश सांगत गेला, मान, मग मनगटं, मग पाठ. खोलीत त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येत होता, आणि तो बरा वाटत होता.

त्यानं डोळे उघडले तेव्हा स्क्रीन काळी होती. नेटवर्क गेलेलं. कधी गेलं, कळायला मार्ग नव्हता. कदाचित मानेचं सांगत असतानाच गेलं असेल. तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर ठेवून.

फोन वाजला.

"अहो, तुम्ही 'डावीकडे' म्हणालात आणि गेलातच," राधा म्हणाली. "मी तशीच डावीकडे मान करून बसलेय."

"अगं, मध्ये आण आधी!" तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.