मिडियमचे सात कागद

वर्कशॉपमध्ये मला सगळे मास्तर म्हणतात, अगदी माझा सख्खा भाऊसुद्धा. बाई म्हणून हाक मारली तर मी ओ देत नाही. तेहेतीस वर्षं मी डॉक्टरांचे कोट आणि नर्सेसचे युनिफॉर्म बेतते आहे, आणि या शहरातल्या निम्म्या दवाखान्यांत जे पांढरं हिंडतं ते माझ्या कात्रीखालून गेलेलं असतं. माझी एक खोड आहे. मापांच्या छापील तक्त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. आकडे काय, कुणीही छापतं. मी माप घेते ते जित्या माणसाच्या अंगावरून. स्मॉलसाठी आमची काजवाली, लार्जसाठी पॅकिंगमधली एक बाई, आणि मिडियमसाठी माझी भाची.

भाची म्हणजे भावाची मुलगी. सतराव्या वर्षी शिवण शिकायला माझ्या हाताखाली आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं नाव मिडियम पडलं. दर वर्षी तिला टेबलावर उभी करायची, कच्चा शिवलेला कोट अंगावर चढवायचा, टाचण्या मारायच्या, आणि त्यावरून खाकी कागदावर नवा खाका काढायचा. वर्षभरात कागदाच्या कडा फाटतात, म्हणून नवा. जुना मात्र मी टाकत नाही, तारीख घालून मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवते. ही माझी दुसरी खोड.

आता पोरीचं सांगते. ती विशीला आली तेव्हापासून तिची पाळी म्हणजे आली तर आली. चार-चार महिने पत्ता नाही, आणि मग एकदा सुरू झाली की वीस-वीस दिवस थांबायचं नाव नाही. अंग जड झालं, ते सगळं कमरेभोवती. मानेवर काळपट पट्टा आला. कॉलरला टाचण्या मारताना मला तो दर वेळी दिसायचा आणि मी म्हणायची, "जरा घासून आंघोळ करत जा की." ती कॉलर वर ओढून घ्यायची. हनुवटीवर केस यायला लागले तेव्हा ती खाली मान घालून मशीनवर बसायला लागली. ते मात्र मला कळलं. मी माझा जादा चिमटा, टाचणाचे दोरे उपटायचा बारीक चिमटा, तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. बोलले काहीच नाही. तीही बोलली नाही.

तीन डॉक्टर झाले. तिन्ही वेळा मी बरोबर होते, शेजारच्या खुर्चीत. पोरगी मुळात हळू आवाजाची, आणि मला तर कुणी वाक्य अर्ध्यावर सोडलं की राहवतच नाही. त्यामुळे विचारायचे डॉक्टर तिला आणि उत्तर द्यायची मी. पहिल्यानं वजनकाट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, आधी दहा किलो कमी करा, मग बघू. ती म्हणाली, "डॉक्टर, मी जेवतेच किती?" तो माझ्याकडे बघून हसला. आणि मीही हसले, हे आज सांगताना मला माझीच लाज वाटते. दुसऱ्यानं टेन्शन म्हटलं. लग्न झालं की होईल सगळं सुरळीत, असंही वर म्हटलं. तिसऱ्यानं निदान रक्त तपासलं. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी. कागद उलटा करून ठेवत त्यानं विचारलं, "घरात कुणाला असा त्रास? पाळीचा, चेहऱ्यावर केस, साखर?"

"छे," मी म्हटलं. "आमच्या घरात कुणालाच नाही."

पोरीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग पर्समध्ये रिपोर्ट घालून ती उठली.

त्यानंतर तिनं दवाखान्याचं नाव काढणं सोडून दिलं. मध्ये एकदा सलग बावीस दिवस अंगावरून जात होतं, तरी कामावर येत होती, आणि भर दुपारी मशीनवरच कोसळली. काजवालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "मास्तर, ही नाटकं नाहीत हो." मी कधी नाटकं म्हटलं होतं? म्हटलं असणार. माझ्या तोंडाचा काही भरवसा नाही.

आणि मग ती तक्रार आली. एका मोठ्या दवाखान्यानं चाळीस कोट परत पाठवले, सगळे मिडियम. चिठ्ठीत लिहिलं होतं की तुमचं मिडियम दर वर्षी ढगळ होत चाललंय, कोट खांद्यात बसतो पण कमरेत त्याचं पोतं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेहेतीस वर्षांत माझ्या बेतण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. म्हटलं, थांबा, दाखवतेच तुम्हाला. मागच्या खोलीत गेले, भिंतीवरचे मिडियमचे सातही कागद खिळ्यावरून उतरवले आणि कापायच्या टेबलावर एकावर एक ठेवले. मानेचा मध्य मानेच्या मध्यावर, खांद्याचं टोक खांद्याच्या टोकावर. वर दिवा ओढला.

खांदा सात वर्षांत सूतभर हलला नव्हता. बाहीची लांबी तीच. पाठीची उंची तीच. आणि बगलेच्या खाली सातही रेघा एकमेकींपासून सुटत सुटत बाहेर निघाल्या होत्या. दर वर्षी थोडी, मग जास्त, कमरेत एकूण पाच इंच. खाऊन सुटलेलं अंग मी जन्मभर बघत आले आहे. ते दंडाला सुटतं, पाठीला सुटतं, सगळीकडून सुटतं. हे तसं नव्हतं. हे एकाच जागी, एकाच रोखानं चाललं होतं, कुणीतरी आतून ठरवल्यासारखं. माझ्या हातांनी हे सात वेळा रेखलं होतं, खडूनं, तारीख घालून. पोरगी तोंडानं सांगत होती ते कुणी ऐकलं नाही, पण तिचं अंग दर वर्षी या टेबलावर उभं राहून लिहून देत होतं आणि मीच ते लिहून घेत होते. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नाही असा.

तिला बोलावलं. तिनं कागद पाहिले, पाच इंचांवरून बोट पुढेमागे फिरवलं.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस गं बाई."

"मला अजून एका डॉक्टरकडे जायचंय, एका बाईंकडे. ही शेवटची. हिनंही नॉर्मल म्हटलं तर परत नाही जाणार कुणाकडे, काय व्हायचं ते होऊ दे." मग कागदांची गुंडाळी करत म्हणाली, "तू ये. पण आत्या, तोंड उघडायचं नाही."

मी कबूल केलं. आयुष्यात एवढं अवघड काम मी पत्करलं नव्हतं.

ही चौथी डॉक्टर चाळिशीची, सडसडीत. तिनं अंगात घातलेला कोट माझा होता. मला लांबूनच कळलं, कॉलरची शिलाई माझीच. आणि कमरेत तो इतका झुलत होता की तिनं मागून सेफ्टीपिन मारली होती. एरवी मी तिला तिथंच उभी करून टाचण्या मारल्या असत्या. पण शब्द दिला होता, म्हणून जीभ दाताखाली धरून बसले.

"सांगा," डॉक्टर म्हणाली. पेन टेबलावर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

पोरगी बोलायला लागली. सुरुवातीला अडखळली, थांबली. मला वाटलं आता डॉक्टर मध्ये पडणार. नाही पडली. नुसती थांबून राहिली, आणि त्या थांबण्यातच पोरीला पुढचं वाक्य सापडलं. मग पाळीच्या तारखा, बावीस दिवस, कोसळणं, हनुवटी, मान, सगळं एकामागून एक आलं. मी चोवीस वर्षं जिला ओळखते ती ही नव्हेच. इतका नीट हिशोबात बोलणारा माणूस आमच्या घरात निघाला कुठून, मी बघतच राहिले. शेवटी तिनं गुंडाळी सोडली, आणि दवाखान्यांच्या मिडियम कोटाचा खाका दर वर्षी तिच्या अंगावरून कसा निघतो ते सांगितलं. डॉक्टर उठली, दोघींनी मिळून कागद तपासायच्या पलंगावर पसरले. मानेवर मान, खांद्यावर खांदा.

"हे कुणी काढलंय?" डॉक्टरनं विचारलं.

पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी गप्प.

डॉक्टर त्या रेघांवर वाकली. मग तिचा हात आपोआप मागे गेला, कमरेवरच्या पिनेला लागला, आणि तिनं आधी आपल्या कोटाकडे, मग पोरीकडे पाहिलं. "म्हणजे सात वर्षं मी तुमचं दुखणं अंगात घालून फिरतेय," ती म्हणाली. हसत नव्हती. परत खुर्चीत बसली आणि तिसऱ्या डॉक्टरनं विचारलं होतं तेच विचारलं. घरात कुणाला असं?

"ते मी नाही सांगू शकत," पोरगी म्हणाली. आणि मांडीवरच्या पर्सकडे बघत बसली. तिला माहीत होतं. चिमटा ड्रॉवरमध्ये सापडला त्या दिवसापासून माहीत असणार. चार वर्षं तिनं माझी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली होती, तिच्या स्वतःच्या जिवावर बेतत होतं तरी.

छपन्न वर्षांच्या बाईला इतकी लाज कशाची वाटते? पण वाटते.

"मला," मी म्हटलं. "मला आहे. मी हिची आत्या. शब्द दिला होता बोलणार नाही म्हणून, पण हे बोलायला हवं. माझी पाळी वर्षातून तीनदा यायची. मूल झालं नाही. त्याचं खापर माझ्यावर फुटलं, मी घेतलं डोक्यावर. हनुवटीचे केस मी रोज सकाळी दार लावून चिमट्यानं काढते, पस्तीस वर्षं झाली. साखर पंचेचाळिसाव्या वर्षी निघाली. मागच्या डॉक्टरला मी खोटं सांगितलं."

पोरीचा हात माझ्या हातावर आला. तिच्या बोटांना सुईचे घट्टे आहेत, माझ्यासारखेच.

मग डॉक्टरनं तिला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं, मलाही आत घेतलं. अंधार, आणि एक करडा पडदा. मला आधी काहीच कळेना, नुसता पाऊसपाणी झाल्यासारखा गढूळ करडेपणा. डॉक्टरनं हात थोडा वळवला आणि म्हणाली, "हे बघा." मी पाहिलं. एक लंबगोल, आणि त्याच्या कडेनं आतल्या अंगाला बारीक काळे ठिपके, एकाशेजारी एक, कुणी मन लावून मणी शिवावेत तसे. मी मोजायला लागले, सवयच आहे, आणि वीसनंतर सोडून दिलं.

"ही बीजं. यातलं एक दर महिन्याला मोठं होऊन बाहेर पडायला हवं," डॉक्टर म्हणाली. "इथं कुणीच पुरतं मोठं होत नाही. सगळी अर्ध्यावर थांबून राहिलीत. रक्ताच्या तपासण्या करू, साखरेचीही करू, पण पाळी, केस आणि हे चित्र एवढ्यावरून मी आजच सांगते. याला पीसीओएस म्हणतात. मुळापासून जात नाही, पण आवाक्यात ठेवता येतं. आणि ऐका, हे तुम्ही आळशी आहात म्हणून झालेलं नाही."

पोरगी पाठीवर पडल्या पडल्या पडद्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "किती शिस्तीत बसलेत," ती म्हणाली. मलाही तेच वाटत होतं. एवढी वर्षं ज्याला आम्ही काहीच नाही म्हणत होतो, ते आत इतकं ठसठशीत, इतकं नेटकं बसलेलं होतं. सगळ्यांनी नाही म्हटलं तरी ते होतंच. मी उभ्या उभ्या हात जोडले. कुणाला ते मला सांगता येणार नाही.

बाहेर येऊन डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या, तपासण्या लिहिल्या, पुढची तारीख दिली. मी कागदांची गुंडाळी केली आणि उठले. कोट आठवड्यात नीट करून पाठवते, असं म्हणणार तेवढ्यात तिनं ड्रॉवरमधून एक कोरा केसपेपर काढला.

"तुम्ही कुठं निघालात? बसा," ती मला म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. कितव्या वर्षी सुरू झालं?"

मी उभीच. पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर कुठून सुरू करायचं तेही माहीत नव्हतं. तेहेतीस वर्षं सगळ्यांची मापं घेतली, माझं माप कुणी घेतलं नव्हतं. मी सवयीनं पोरीकडे पाहिलं. मला वाटलं ती सांगेल. तिला सगळं पाठ झालं होतं एव्हाना, दुखण्याचं नाव, लक्षणं, सगळं, आणि मी तिच्यासाठी तीन दवाखान्यांत बोलले होते, आता तिची पाळी.

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आत्या," ती म्हणाली, "तू सांग."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.