पुंजाजीचा दात

"ओला हाय," पुंजाजी म्हणाला आणि चावलेला सोयाबीनचा दाणा त्यानं बाजूला थुंकला.

"ओला? आठ दिस टिनावर वाळवला म्या!" जनकाबाईनं पोत्यात हात खुपसून आणखी मूठभर दाणे काढले. "पाहा बरं पुन्हा, भाऊ."

डोणगावात हरिओमशेठच्या अडतीवर पुंजाजी सव्वीस वर्षं हेच करत आला होता. दाणा समोरच्या दातांखाली धरायचा, चावायचा आणि ओलावा सांगायचा. शेठनं मागच्या वर्षी ओलावा मोजायचं मशीन आणलं, तर शेतकऱ्यांनीच नाकं मुरडली. आधी पुंजाजीला दाखवा, म्हणायचे. गडी त्यामुळे असा फुगला होता की विचारू नका. कानावर सिगारेट आणि शब्दावर अख्ख्या अडतीचा भाव!

दिवसाला दोन पाकिटं सहज संपायची. बायको पुष्पाबाई दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं की घाबरायची, आणि हा तिला चिडवायचा, "माह्या तोंडातून थेंब तरी येते का पाह्य!"

मग समोरचे दोन दात जिभेनं हलू लागले. महिन्यापूर्वी तो मेहकरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आला. "काका, सिगारेटमुळे रक्त दिसलं नाही, एवढंच," डॉक्टर समता म्हणाल्या. "हिरड्या आतून कधीच्याच खराब झाल्यात, दातांखालचं हाड झिजलंय. रक्त आलं असतं तर तुम्ही वेळेवर आला असता. आता सिगारेट सोडली तर बाकीचे वाचतील. हे दोन काही राहायचे नाहीत." ही गोष्ट त्यानं घरीसुद्धा सांगितली नव्हती. सिगारेट मात्र दोन पाकिटांवरून एकावर आणली होती.

त्यानं जनकाबाईच्या हातातला दुसरा दाणा चावला. दाणा दबला. की दातच हिरडीत दबला? त्याला कळेना. पूर्वी कोरडा दाणा असा कटकन तुटायचा की शंकेला जागाच राहायची नाही. तो मनातून पार हादरला.

"पुंजाजी ओला म्हनते म्हंजे ओलाच," शेठ गादीवरून म्हणाला. "भाव कमी लावा."

जनकाबाईनं हातातले दाणे पुन्हा पोत्यात टाकले. "तुमी म्हनता तं असंल बाप्पा ओला," ती म्हणाली. "माह्याच हातानं काई चुकलं असंल."

ती भांडली असती तर त्याला सोसलं असतं. हे सोसेना.

"थांबा, शेठ. माल ओला नसंल. माहे दात हालून राह्यले. मले काईच समजून नाई राह्यलं."

पोती उचलणारे दोन हमाल हसले. शेठ हसला नाही. त्यानं मूठभर दाणे मशीनमध्ये टाकायला लावले, आणि माल चांगला कोरडा निघाला.

जनकाबाईच्या तोंडावर हसू आलं आणि अर्ध्यात थांबलं. "मंग मांगच्या सोमवारी माह्या दिराचा माल तुमी ओला म्हनला होता, तो?"

त्या सोमवारी आपण आणखी कुणाकुणाचा माल ओला ठरवला, ते पुंजाजीला आठवेना. एवढ्या वर्षांत अशी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

पुढचा शेतकरी मुठीत दाणे घेऊन सरळ त्याच्याकडेच आला. "पाहा बरं, पुंजाजीभाऊ."

पुंजाजी उठला. त्याला मशीनपाशी घेऊन गेला आणि रांगेतल्या माणसांसारखाच हात मागे बांधून आकडा यायची वाट बघत उभा राहिला.