आवाज वहिनीचा

टेस्ट पायलट म्हटलं की लोकांना वाटतं, हा जिवावर उदार झालेला माणूस. या कौतुकाचा मला मनापासून राग येतो. जिवावर उदार झालेला माणूस चाचणीच्या कामाचाच नसतो. तो विमान घालवतो, आणि विमान का गेलं हे सांगायलाही मागे उरत नाही. आमचं काम नेमकं उलटं. नव्या विमानाला काय काय वाईट खोडी आहेत, त्या आधी आपण बघून घ्यायच्या, म्हणजे उद्या शिकाऊ पोरांच्या वाट्याला त्या यायला नकोत.

मी पायलट नाही. मी चाचणी विभागात इंजिनियर आहे आणि जमिनीवर बसते. आमच्या नियंत्रण कक्षाला आम्ही नुसतं ‘खोली’ म्हणतो. पडद्यांच्या रांगा, प्रत्येकापुढे विमानाची एकेक नाडी, आणि यंत्रं तापू नयेत म्हणून इतका गारठा की प्रत्येकाच्या खुर्चीला बारा महिने स्वेटर लटकलेला असतो. आत बसून आम्ही वरच्या माणसाला सूचना देतो. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकतो.

माझा नवरा इथेच टेस्ट पायलट होता. त्याला सगळे थोरला म्हणायचे, कारण पाठचा भाऊही त्याच्यामागोमाग याच धंद्यात आला. तो धाकटा. थोरला गेला तो गिरकीच्या चाचणीत. या चाचणीत विमान उंच न्यायचं, मुद्दाम भोवऱ्यासारखं गरगरत खाली सोडायचं आणि मग सावरायचं. त्याचं विमान सावरलं नाही. बसल्या जागेवरून त्याला बाहेर फेकून देणारी खुर्ची होती, मूठ ओढायचा अवकाश होता. पण नव्या विमानाचा तो एकुलता एक नमुना. माणसांनी वर्षानुवर्षं खपून बनवलेला. तो टाकून यायला त्याचा हात उचलला नाही. हे आमच्या लोकांचं जुनं दुखणं आहे. घाबरून मरणारे थोडे, विमान वाचवता वाचवता मरणारेच जास्त.

त्या दिवशी मी खोलीत होते, अगदी शेवटच्या खुर्चीवर. माइक आमच्या विभागप्रमुखांकडे, म्हणजे चीफकडे होता. ते विचारत होते, “येतंय का बाहेर?” थोरला म्हणाला, “येतंय.” त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, “येतंय.” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही.

मग मी सगळ्यांशी भांडून एक नियम करून घेतला. उडी मारायची उंची जमिनीवरच ठरवायची, चहा पिताना, डोकं थंड असताना. विमान गिरकीतच त्या उंचीला आलं, की खोलीतल्या एकाच माणसाने एकच शब्द म्हणायचा, ‘उडी’. त्या आवाजाने काही विचारायचं नाही, पायलटने काही सांगायचं नाही, फक्त मूठ ओढायची. आणि तो आवाज कोणाचा, हे पायलटने आपण निवडायचं. एकाने पूर्वी आपल्याला नापास केलेल्या मास्तरांना निवडलं होतं. म्हणाला, त्यांच्यापुढे अजून माझी बोबडी वळते.

काही वर्षांनी पुढच्या नव्या विमानाच्या गिरकीची पाळी धाकट्यावर आली. आदल्या दिवशीच्या बैठकीत चीफनी विचारलं, “आवाज कोणाचा?”

“वहिनीचा,” धाकटा म्हणाला. “घरात मी आईचंही ऐकत नाही, पण हिच्यापुढे आपली डाळ शिजत नाही.”

सगळे हसले. मीही हसले. मला बरंही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ अगदी स्वच्छ होतं. पहिल्या गिरक्या सुरेख झाल्या. शेवटच्या गिरकीत विमानाने नाक वर केलं आणि ते आडवं होऊन फिरायला लागलं. उंचीचा आकडा माझ्यासमोर घसरत होता. मी तोंड माइकजवळ नेलं. तेवढ्यात कानात धाकट्याचा आवाज आला, अगदी थोरल्यासारखा.

“येतंय वहिनी, येतंय बाहेर.”

आकडा आला. मी म्हणाले, “उडी.”

त्याने मूठ ओढली. आणि तो बाहेर पडल्यावर, आम्हा सगळ्यांच्या देखत, विमान गिरकीतून सावरलं. नाक खाली करून सरळ झालं, शहाण्या बाळासारखं घरंगळत गेलं आणि पलीकडच्या गवताळ माळावर पोटावर घसरत थांबलं. एक पंख चेपला, बाकी काही नाही.

धाकट्याचा मात्र मणका चेपला. ती खुर्ची माणसाला तोफेतून काढावं तशी बाहेर काढते. डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, जिने चढेल. पण असल्या खुर्चीवर पुन्हा कधीही बसायचं नाही. म्हणजे चाचण्या संपल्या. ज्या कामासाठी त्याने सगळं आयुष्य लावलं होतं, ते माझ्या एका शब्दाने संपलं.

लोकांना काय, आयतं खाद्य मिळालं. कॅन्टीनमध्ये एकाने विनोद केला की आता पायलटांना घरी बसवा, विमानं आपली आपण उतरतात. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा घास घशातच अडकला. खुर्चीसकट माणूस गेल्याने वजन पुढून कमी झालं म्हणून विमान सावरलं, की ते तसंही सावरलंच असतं? हिशोब करणाऱ्यांच्यात दोन तट पडले आणि दोन्ही तट छातीठोकपणे बोलत होते.

धाकटा माझ्याशी बोलेना. सासूबाई आणि तो, दोघंही माझ्याकडेच राहतात. सासूबाई रोज त्याच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि मी दारात दिसले की तो भिंतीकडे तोंड करायचा. एक दिवस मी स्वयंपाकघरात रडत होते, तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“रुसू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “रुसायला तो आहे ना घरात? दुसऱ्याचा रुसवा काढायचंही माझ्या नशिबात नाही.”

मग चौकशीची बैठक आली. धाकटा कमरेला पट्टा बांधून, काठी टेकत आला आणि माझ्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसला. चीफनी फार न ताणता मुद्दा मांडला. नियमात दुरुस्ती करू या. पायलट ‘येतंय’ म्हणाला, तर आवाजाने थोडं थांबावं. विमानात तो बसलाय, आपण नाही.

“बाई, तुमच्यावर राग नाही,” ते मला म्हणाले. खरंच राग नव्हता. “पण दुधाने तोंड पोळलं म्हणून आपण ताकही फुंकून पितोय. त्यापायी एक चांगला पायलट आपण गमावलाय.”

माझ्या बाजूने उभं राहायला मान मोडलेलं विमान हवं होतं, आणि विमान तर, एक पंख सोडून, हँगरमध्ये धडधाकट उभं. मला एवढंच कळत होतं की ही दुरुस्ती झाली, तर पुढचा प्रत्येक पायलट ‘येतंय’ म्हणणार, खोली थांबणार, आणि पुन्हा कुणाच्या तरी घरी वाईट बातमी घेऊन आमची गाडी जाणार. नियम माझा होता म्हणून नव्हे, माझ्या घरी ती गाडी येऊन गेली होती म्हणून मला ती दुरुस्ती नको होती.

चीफनी धाकट्याला विचारलं, “तू सांग. येत होतं ना बाहेर?”

सगळे पायलट त्याच्याकडे बघायला लागले. त्याने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

“सर, तुम्ही कुणाकडे जेवायला जाणार असता,” तो म्हणाला. “उशीर झालेला असतो. त्यांचा फोन येतो. तुम्ही काय सांगता?”

“काय सांगतो?”

“निघालोय, वाटेतच आहे. आणि तेव्हा तुम्ही टॉवेल गुंडाळून उभे असता.”

पायलटांच्या रांगेत खसखस पिकली. चीफही हसले.

“माझं ‘येतंय’ तसलं होतं,” धाकटा म्हणाला. “मला काही कळत नव्हतं. विमान माझं ऐकत नव्हतं. मी पायाने, हाताने सगळं करून बसलो होतो. ते सावरेल असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही.”

चीफ पुढे झुकले.

“मग म्हणालास कशाला?”

“वहिनीचा श्वास माइकमधून ऐकू येत होता. ती घाबरली होती. म्हणून म्हणालो.” त्याचा चेहरा लाल झाला होता. पायलट लोकांत हे बोलणं म्हणजे चारचौघांत कपडे उतरवणं. “एवढे दिवस मी हिच्यावर चिडलो, कारण सगळे म्हणत होते येत होतं, तर मलाही वाटायला लागलं, येतच असेल. पण येत नव्हतं, सर. मी थाप मारली. आणि ही माझं ऐकत बसली असती, तर मी आत्ता इथे नसतो.”

रांगेतल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. त्यातला एक पुटपुटला, “आपण सगळेच म्हणतो ते.”

चीफ उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्या माणसाने इतकी वर्षं एकाच गोष्टीचा आधार धरला होता, की थोरला ‘येतंय’ म्हणाला म्हणून आपण थांबलो.

“मग त्या दिवशी,” ते म्हणाले, “थोरल्याने... मी तर त्याच्यावर विश्वास ठेवला.”

धाकट्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“त्या दिवशीही वहिनी खोलीत होती, सर.”

पुढचं मला फारसं आठवत नाही. नियम तसाच राहिला. बाहेर व्हरांड्यात धाकटा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. ‘मी बोलायला नको होतं,’ असं काहीतरी म्हणायला लागला. मी त्याला म्हटलं, गप बस, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. माझा नवरा शेवटपर्यंत जिंकत होता, असं मी धरून चालले होते. तो जिंकत नव्हता. तो मला धीर देत होता. माझा त्याच्यावर इतका जीव भरून आला आणि इतका राग आला, की दोन्ही एकदम कसे मावले कोण जाणे.

त्या नियमाखाली मी स्वतः एक ओळ वाढवली. पायलटच्या घरचं माणूस त्या वेळी खोलीत नको.

विमान दुरुस्त झाल्यावर तीच गिरकी करायला एक तरुण पायलट मुलगी पुढे आली. आवाज म्हणून तिने धाकट्याला मागितलं. “हे म्हणाले तर मी डोळे मिटून उडी मारीन,” ती म्हणाली. “यांना त्या शब्दाची किंमत माहीत आहे.”

मी माझ्या खुर्चीवर होते. ती मुलगी माझ्या नात्यागोत्यातली नव्हती, तरी स्वेटरमध्ये मला घाम फुटला होता. विमानाने पुन्हा नाक वर केलं, पुन्हा आडवं फिरायला लागलं. धाकटा माइकपाशी दगडासारखा बसून होता. त्याने काही विचारलं नाही. तिनेही काही सांगायचं नव्हतं. पण माणसाला राहवत नाही. तिचा आवाज आला, धापा टाकत, घाबरलेला.

“माहीत नाही. मला माहीत नाही.”

खोलीत हे शब्द याआधी कधी कुणी ऐकले नव्हते. धाकट्याने तोंड माइकला टेकवलं आणि आकड्याकडे बघत राहिला. ठरलेल्या उंचीच्या थोडं वर असताना विमान थबकलं, नाक खाली गेलं, आणि ते सरळ झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्याने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. मी त्या मुलीचे शब्द मनात थोरल्याच्या आवाजात ऐकून बघत होते. त्याने तसं म्हटलं असतं, तर चीफनी तिसऱ्यांदा विचारलं नसतं, बाहेर पड म्हणून ओरडले असते. मी भयंकर घाबरले असते. घाबरले असते, आणि तो घरी आला असता.