तपासणीआधीचे तीन दिवस

ज्योतीरामांच्या नजरेतून ओरखडा सुटत नाही, ही चाकणच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं काळ्या दगडावरची रेघ होती. त्यामुळे पिंपरीतल्या दवाखान्याच्या काचेच्या दारावर त्यांचं कपाळ आपटलं, तेव्हा दोष दाराचा ठरला.

"काच इतकी पुसत्यात कशाला?" ते करवादले.

त्यांच्या बायकोनं, शालनबाईंनी, मुकाट्यानं दार ढकललं.

मोटारींचे रंगवलेले दरवाजे तपासून पास करायचे, हे ज्योतीरामांचं काम. कंपनीनं यंदा डोळ्यांचा दाखला मागितला होता. दाखला नाही, तर निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी.

डॉक्टर तनुजांनी डोळ्यांचे फोटो काढले, मग रिपोर्टांची चळत चाळली.

"काका, साखर दर वेळी उत्तम. आणि तीन महिन्यांची सरासरी अकरा, सातच्या आत हवी तिथं? हे कसं?"

"तपासणीच्या आधी तीन दिवस नुसती भाकरी न् मेथी," ज्योतीराम ऐटीत म्हणाले. "लाइनवर समदेच करत्यात. ऑडिटच्या आधी कारखाना झाडतो, तसं."

"आणि ऑडिट गेल्यावर?"

"जिलेबी," शालनबाई पहिल्यांदाच बोलल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. "डोळ्याला ऑडिटची तारीख कळत नाही, काका. साखर सतत जास्त राहिली की पेशींना ती नीट पचत नाही, त्या बिघडतात. शरीराला वाटतं, शत्रू शिरला. ते तिथं सूज आणतं. त्या सुजेत बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. तुमच्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध तेच पाणी साचलंय."

"पन दुखत तर न्हाई."

"दुखलं असतं, तर लवकर आला असता."

त्यांनी छापलेला फोटो पुढे केला. "बघा. हे पिवळे डाग, हे लाल ठिपके."

डाग म्हटल्यावर ज्योतीराम सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत. त्यांनी फोटो घेतला, इकडून तिकडून फिरवला, खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि डावीकडून उजवीकडे अंगठ्याचं नख सावकाश ओढलं. गेली दोन वर्षं ते दरवाजेही असेच पास करत होते.

"कुटं काय हाय? नखाला लागंना कायबी. पास करा म्याडम, द्या दाखला."

शालनबाईंनी त्यांच्या हातातला फोटो काढून घेतला आणि सुलटा करून परत दिला. तोवर ते कोऱ्या पाठीवर नख फिरवत होते.